सबवूफर बांधावा की विकत घ्यावा? आधी हवा किती हलवायची ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशी बंद खोली, त्यात चित्रपट पाहण्यासाठी मांडलेले स्पीकर, आणि खोलीच्या साधारण मध्यावर सोफा. आता १२ इंची तयार सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) घ्यावा, की तेवढ्याच खर्चात १५ इंची ड्रायव्हर (खोक्यात बसवायचा मूळ सुटा स्पीकर), प्लायवूड आणि अ‍ॅम्प्लिफायर आणून स्वतः बांधावा? लाकूडकाम तुम्हाला थोडेफार येते, इलेक्ट्रॉनिक्सचा अनुभव नाही, आणि ‘स्वतः बांधलेला सबवूफर नेहमीच सरस ठरतो’ हे ऐकलेले विधान कितपत खरे, हेही तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे सबवूफर बांधत आलो आहे आणि अनेकांना तयार सबवूफर घेण्याचा सल्लाही दिला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंपैकी एकीची वकिली करण्याचे मला कारण नाही. ‘नेहमीच’ हा शब्द वगळला तर त्या विधानात तथ्य आहे. पण ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरते हे समजल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. बांधणे की घेणे हा प्रश्न वास्तविक दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की तुम्हाला किती खालच्या वारंवारतेपर्यंत, किती मोठ्याने ऐकायचे आहे, आणि त्यासाठी खोलीतली किती जागा द्यायची तुमची तयारी आहे. याचे उत्तर मिळाले की दुसऱ्या प्रश्नाचा निकाल बहुतेक वेळा आपोआप लागतो.

खर्जाचे गणित हवेचे आहे. ड्रायव्हरचा कोन, म्हणजे त्याचा शंकूसारखा पडदा, पुढे-मागे सरकून जितकी हवा ढकलतो, तितका आवाज. आणि स्वर एक सप्तक खाली गेला, म्हणजे वारंवारता निम्मी झाली, की तितक्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. एक उदाहरण घेऊ. साधारण १२ इंची ड्रायव्हरच्या कोनाचे परिणामकारक क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर असते. त्याचा कोन एका दिशेला १५ मिलिमीटर स्वच्छपणे सरकत असेल, तर तो पाऊण लिटर हवा ढकलतो. मोकळ्या मैदानात जमिनीवर ठेवलेल्या बंद खोक्यातून एवढ्या हवेने ४० हर्ट्झला १ मीटर अंतरावर सुमारे ११० डेसिबल मिळतात, आणि २० हर्ट्झला फक्त ९८. अ‍ॅम्प्लिफायर कितीही मोठा लावला तरी हा आकडा वाढत नाही, कारण इथे मर्यादा वॅटची नसून कोनाच्या हालचालीची आहे.

आता या आकड्यांच्या शेजारी चित्रपटाची मागणी ठेवून पाहा. ध्वनिमुद्रणातील ५.१ मधला जो ‘.१’ असतो, त्या खर्जाच्या स्वतंत्र वाहिनीला इतर वाहिन्यांपेक्षा १० डेसिबल अधिक वाव दिलेला असतो. संदर्भ पातळीवर, म्हणजे चित्रपटगृहासाठी ठरवलेल्या आवाजात, ऐकायचे ठरवले, तर मुख्य स्पीकरकडून बसण्याच्या जागी १०५ डेसिबलपर्यंतची आणि या वाहिनीकडून ११५ डेसिबलपर्यंतची शिखरे अपेक्षित असतात. त्याशिवाय ८० हर्ट्झच्या क्रॉसओव्हरखालचा (जिथून खालचे स्वर सबवूफरकडे जातात त्या सीमेखालचा) मुख्य स्पीकरचा भारही रिसीव्हर सबवूफरकडेच वळवतो. घरात इतक्या मोठ्याने ऐकणारे फार थोडे; मी ज्यांच्या खोल्या जुळवून दिल्या त्यांतील बहुतेक जण त्यापेक्षा १० ते १५ डेसिबल खालीच समाधानी असतात. तरीही ९८ आणि ११५ यांमधले अंतर पाहिले, की एकाच १२ इंची ड्रायव्हरकडून २० हर्ट्झला सर्व काही मिळेल ही अपेक्षा का फोल आहे, ते दिसते.

खोलीची मदत मात्र होते, आणि तुमच्या बाबतीत ती बरीच होईल. ५ मीटर लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद सुमारे ३४ हर्ट्झला येतो. त्याखाली खोली बंद डब्यासारखी वागू लागते आणि दाब वाढत जातो. सिद्धांतानुसार पूर्ण बंद, ताठ भिंतींच्या खोलीत ही वाढ दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्षात दार, खिडक्या, हलक्या पार्टिशनच्या भिंती आणि खोटे छत यांतून दाब गळतो, त्यामुळे पदरात त्याचा काही भागच पडतो. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती असलेली बंद खोली आणि एका बाजूने दिवाणखान्याकडे उघडी असलेली खोली यांत फरक इतका असतो, की पहिलीत समाधान देणारा सबवूफर दुसरीत अगदी अपुरा वाटू शकतो. तुमची खोली बंद आहे, आकारमान ६० घनमीटर आहे. ही जमेची बाजू आहे.

इथून बांधण्याच्या बाजूचा खरा मुद्दा सुरू होतो. अमेरिकेतील के.एल.एच. या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: लहान खोका, खोल खर्ज आणि चांगली कार्यक्षमता या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एका वेळी मिळतात. कारखान्यात बनणाऱ्या सबवूफरला कागदी खोक्यात मावावे लागते, वाहतुकीत परवडावे लागते, दुकानात आणि बैठकीच्या खोलीत शोभावे लागते. म्हणून बहुतेक कारखानदार खोका लहान ठेवतात, खोल खर्ज मिळवतात आणि त्याची किंमत कार्यक्षमतेत मोजतात, म्हणजे मोठा अ‍ॅम्प्लिफायर, जड चुंबक आणि बरेचसे इलेक्ट्रॉनिक इक्वलायझेशन (ठरावीक वारंवारता वाढवणे किंवा घटवणे) वापरतात. हे करण्यात गैर काहीच नाही. उत्तम कंपन्या ते फार कौशल्याने करतात. पण तुमच्यावर ही बंधने नाहीत. सोफ्यामागे किंवा पडद्याखाली १५० लिटरचा खोका ठेवायला तुमची ना नसेल, तर कारखान्याला परवडत नाही ती गोष्ट तुम्हाला केवळ लाकडाच्या दोन जास्तीच्या फळ्यांच्या खर्चात मिळते. स्वतः बांधण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. ज्याला खोका लहानच हवा आहे, त्याच्या हातून हा फायदा निसटतो, आणि मग लहान खोक्यात खोल खर्ज काढण्याच्या विद्येत आपण कारखान्याशी बरोबरी करू शकत नाही.

या मोठ्या खोक्याचा आकार अंदाजाने ठरवायचा नसतो. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी बंद खोक्यातील हवेचीच स्प्रिंग करणारा एआर-१ हा स्पीकर आणला. १९६१ मध्ये नेव्हिल थील यांनी ऑस्ट्रेलियात पोर्टेड, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेल्या, खोक्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी त्या विचाराची संपूर्ण मांडणी केली. आज प्रत्येक बऱ्या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात एफएस (ड्रायव्हरचा स्वतःचा अनुनाद), क्यूटीएस (त्या अनुनादावर कोन किती आवरलेला राहतो), व्हीएएस (ड्रायव्हरइतकीच लवचीक असणाऱ्या हवेचे आकारमान), एक्समॅक्स (कोनाची एका दिशेची स्वच्छ हालचाल) असे जे आकडे छापलेले असतात, ते थील आणि स्मॉल यांच्या नावाने ओळखले जातात. ते हातात असले, की विनआयएसडीसारख्या मोफत संगणक प्रणालीवर लाकूड कापण्यापूर्वीच खोक्याचे वर्तन बऱ्याच अचूकपणे पाहता येते.

बंद खोक्याचे गणित तर कागदावरही होते. समजा ड्रायव्हरचा एफएस २२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४ आणि व्हीएएस १०० लिटर आहे. व्हीएएसला खोक्याच्या आकारमानाने भागून त्यात १ मिळवावा आणि त्याचे वर्गमूळ घ्यावे. त्या संख्येने एफएस आणि क्यूटीएस या दोघांना गुणले, की खोक्यातील अनुनाद आणि खोक्यातील क्यू मिळतो. ४७ लिटरच्या खोक्यात ते वर्गमूळ १.७७ येते, म्हणजे अनुनाद सुमारे ३९ हर्ट्झ आणि क्यू ०.७०७, जो सपाट प्रतिसादाचा नावाजलेला आकडा आहे. हाच ड्रायव्हर २५ लिटरमध्ये कोंबला तर अनुनाद ४९ हर्ट्झवर आणि क्यू ०.८९ वर जातो. आणि मोजमापात चूक होऊन ४७ ऐवजी ४२ लिटर झाले तर? अनुनाद ४०.५, क्यू ०.७४; कानाला कळणारही नाही. पहिल्यांदा बांधणाऱ्याला मी बंद खोकाच सुचवतो, त्याचे एक कारण ही क्षमाशीलता आहे.

दुसरे कारण खोलीशी संबंधित आहे. बंद खोक्याचा प्रतिसाद अनुनादाखाली दर सप्तकाला १२ डेसिबल उतरतो, आणि खोलीची मदत नेमकी त्याच्या उलट दिशेने चढते. वरच्या उदाहरणातील खोका २० हर्ट्झला मोकळ्यावर जवळपास १२ डेसिबल खाली असेल. ती तूट केवळ इक्वलायझरने भरून काढायची तर ढोबळमानाने सोळापट शक्ती लागेल, १०० वॅटच्या जागी १६०० वॅट. पण तुमच्यासारख्या बंद खोलीत त्या तुटीचा मोठा भाग खोलीच भरून देते, आणि उरलेल्यासाठी माफक इक्वलायझेशन पुरते.

पोर्टेड खोक्याचे आकर्षण मला मान्य आहे. पोर्टच्या ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या वारंवारतेला जुळवला आहे तिच्या, आसपास कोन जवळजवळ स्थिर राहतो, हवा पोर्टमधून ढकलली जाते, आणि तोच ड्रायव्हर साधारण ६ डेसिबल किंवा त्याहून अधिक देऊ शकतो. मोठ्या किंवा उघड्या खोलीत हा फरक निर्णायक ठरतो. पण त्याची किंमत आधी पाहून घ्या. १२० लिटरचा खोका १८ हर्ट्झवर आणायचा आणि पोर्ट १५ सेंटिमीटर व्यासाचा ठेवायचा, तर नळीची लांबी सुमारे १२५ सेंटिमीटर येते. ती नळी स्वतःच २२ लिटर जागा खाते. ड्रायव्हर आणि आतले आधार धरले तर आतून सुमारे १५० लिटरचा खोका बांधावा लागतो, म्हणजे बाहेरून साधारण ५४ × ५४ × ६४ सेंटिमीटर, आणि त्यातही नळी वळवूनच बसवावी लागते. नळी १० सेंटिमीटरची घेतली तर लांबी ५३ सेंटिमीटरवर येते खरी, पण तेवढ्याच हवेला निम्म्याहून कमी तोंडातून जावे लागते आणि मोठ्या प्रसंगात फुसफुस ऐकू येते. पोर्टमधील हवेचा वेग ध्वनीच्या वेगाच्या ५ टक्के, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर, यापलीकडे फार जाऊ नये असा जुना सावध नियम आहे, आणि मी तो शक्यतो पाळतो. शिवाय ट्यूनिंगच्या खाली पोर्टेड खोका कोनाला कोणताच आधार देत नाही. चित्रपटांत १० ते १५ हर्ट्झचे संकेत असतात आणि हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचे संकेत अडवणारा) नसेल तर एखाद्या स्फोटाच्या प्रसंगात व्हॉइस कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) मागे आपटू शकते. तयार पोर्टेड सबवूफरमध्ये हा फिल्टर आत बसवलेला असतो. बांधणाऱ्याने तो स्वतः लावायचा असतो, आणि नेमका तोच विसरला जातो.

इथपर्यंतचा सारांश असा: तुमच्या आकारमानाच्या बंद खोलीला बंद खोका मानवतो, ड्रायव्हर जितकी अधिक हवा हलवेल तितके चांगले, आणि बांधण्याचा लाभ खोका मोठा ठेवण्याच्या तयारीवर अवलंबून आहे.

आता १२ इंच विरुद्ध १५ इंच या तुमच्या तुलनेकडे येतो. कोनाची हालचाल समान असेल तर १५ इंची ड्रायव्हर, त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८०० चौरस सेंटिमीटर धरता, १२ इंचीपेक्षा ४ डेसिबल अधिक देतो. पण हालचाल समान असेलच असे नाही. २० मिलिमीटर सरकणारा १२ इंची ड्रायव्हर १ लिटर हवा ढकलतो, तर ८ मिलिमीटर सरकणारा १५ इंची ड्रायव्हर ०.६४ लिटर. म्हणून इंच पाहून ड्रायव्हर निवडू नका. क्षेत्रफळ आणि एक्समॅक्स यांचा गुणाकार पाहा. सभागृहे आणि मैफिलींसाठी बनवलेले १५ इंची ड्रायव्हर कमी वॅटमध्ये मोठा आवाज देतात, परंतु त्यांचा एफएस बहुधा ३५ ते ४० हर्ट्झच्या आसपास आणि हालचाल मर्यादित असते. ५० हर्ट्झच्या वर ते उत्कृष्ट काम करतात, २० हर्ट्झ हे त्यांचे काम नव्हे. मोटारीसाठीच्या ड्रायव्हरांपैकी काही घरातही चांगले चालतात, मात्र त्यांची रचना मोटारीच्या छोट्या बंद जागेकडून मिळणारी मोठी मदत गृहीत धरून केलेली असते, म्हणून त्यांचे आकडे प्रणालीत घालून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. ज्याच्या माहितीपत्रकात एक्समॅक्सच दिलेला नाही, तो ड्रायव्हर मी विचारातही घेत नाही.

तयार सबवूफरशी तुलना करताना त्याचेही आकडे नीट वाचावे लागतात. ‘२० हर्ट्झपासून’ असे नुसते छापलेले असेल आणि किती डेसिबल उतरल्यावर ते सांगितलेले नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. सीटीए-२०१० या मानकानुसार केलेल्या चाचण्या उपयोगी असतात, कारण त्यांत प्रत्येक वारंवारतेला विकृती मर्यादेत ठेवून किती आवाज मिळाला हे नोंदवलेले असते. एवढेच पाहावे, की आकडा १ मीटरवरचा शिखर-आकडा आहे की २ मीटरवरचा आरएमएस, म्हणजे एक प्रकारची सरासरी. एकाच सबवूफरसाठी या दोन पद्धतींत ९ डेसिबलचा फरक पडतो, आणि अनेकांच्या तुलना इथेच फसतात.

घेण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला लाकडापेक्षा आतल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये दिसतो. चांगल्या तयार सबवूफरमधला डीएसपी (संकेतावर अंकीय प्रक्रिया करणारा भाग) त्या एकाच ड्रायव्हरसाठी आणि त्या एकाच खोक्यासाठी लिहिलेला असतो. मर्यादा जवळ आली की तो खर्ज हळूच आवरतो, त्यामुळे घरातील कोणीही आवाजाचे बटण कितीही फिरवले तरी कोन फाटत नाही आणि कॉइल जळत नाही. स्वतः बांधताना हे संरक्षण तुम्हाला उभारावे लागते: हाय-पास फिल्टर, शिखर लिमिटर (संकेताला कमाल मर्यादा घालणारा), दीर्घकाळच्या शक्तीसाठी वेगळा लिमिटर. यासाठी डीएसपी असलेला अ‍ॅम्प्लिफायर किंवा मिनीडीएसपीसारखा वेगळा संच लागतो. इलेक्ट्रॉनिक्सचा अनुभव नसला तरी हे जमते, कारण काम संगणकाच्या पडद्यावरचे आहे. पण ते शिकायला काही निवांत संध्याकाळी द्याव्या लागतात, आणि ज्याला त्या द्यायच्या नाहीत त्याने तयार सबवूफर घेणे अधिक सुज्ञपणाचे आहे.

अ‍ॅम्प्लिफायरच्या निवडीत दोन मार्ग आहेत. खोक्याच्या पाठीत बसणारा प्लेट अ‍ॅम्प सुटसुटीत असतो आणि संकेत आला की आपोआप चालू होतो. मात्र त्यांपैकी काहींत ३० हर्ट्झच्या आसपास ठरीव बूस्ट किंवा २० हर्ट्झच्या जवळ ठरीव फिल्टर असतो, जो तुमच्या खोक्याशी जुळेलच असे नाही. रॅकमधला व्यावसायिक अ‍ॅम्प्लिफायर शक्ती भरपूर देतो, पण त्याच्या पंख्याचा आवाज शांत प्रसंगात जाणवू शकतो आणि तो बहुधा हाताने चालू-बंद करावा लागतो. ड्रायव्हरच्या कॉइलचा रोधही आधी जुळवून पाहा: २ ओहमच्या दोन कॉइल एकसरीत ४ ओहम देतात, समांतर जोडल्यास १ ओहम, ४ ओहमच्या दोन कॉइल ८ किंवा २. अ‍ॅम्प्लिफायर १ ओहमला स्थिर नसेल तर समांतर जोडणी त्याला बंद पाडेल. आणि जोडणीनंतर गुणगुण ऐकू आली, तर ती घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कधीही काढू नका. ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार होणारे, गुणगुण आणणारे वर्तुळ) तोडण्यासाठी सिग्नलच्या वायरीवर लावायचा आयसोलेटर मिळतो. अर्थिंग जिवाच्या रक्षणासाठी असते.

लाकूडकामाची धास्ती मात्र बाळगू नका. सबवूफर ज्या वारंवारतांवर चालतो त्यांच्या तरंगलांबी खोक्याच्या मानाने प्रचंड असतात, २० हर्ट्झची तर १७ मीटर. त्यामुळे खोका चौकोनी, उभा, आडवा कसाही असला तरी फरक पडत नाही. आकारमान बरोबर आणि सांधे हवाबंद हवेत, आणि फळ्या कंप पावता कामा नयेत. १८ मिलिमीटरचा एमडीएफ किंवा चांगल्या प्रतीचे प्लायवूड पुरते, ड्रायव्हरची फळी दुहेरी करावी, आणि आत मध्यावर खिडक्या कापलेली एखादी आडवी फळी आधार म्हणून बसवावी, म्हणजे फळ्यांचे स्वतःचे अनुनाद सबवूफरच्या कार्यक्षेत्राच्या वर जातात. सांध्यांना लाकडाचा गोंद आणि क्लॅम्प, आणि आतून सर्व कडांवर सीलंट. गोल भोक राउटरने कापावे. जिगसॉने कापले तरी चालते, फक्त ड्रायव्हरच्या कडेखाली गॅस्केट पट्टी द्यावी. ड्रायव्हर लाकडाच्या स्क्रूवर न टांगता टी-नट आणि बोल्टवर बसवा. एमडीएफ कापताना तोंडावर चांगला मास्क हवाच, कारण त्याची भुकटी अत्यंत बारीक असते. ज्यांच्याकडे सरळ कापणारी करवत नाही, त्यांनी फळ्या मापानुसार कापून घ्याव्यात. काटकोन बरोबर आला की अर्धे काम झाले. खोका तयार झाल्यावर कोन हाताने अलगद आत दाबून सोडा: बंद खोक्यात तो सावकाश परत आला तर सांधे हवाबंद आहेत, आणि चटकन परतला तर कुठेतरी गळती आहे.

वेळ सर्वांत जास्त रंगकामाला आणि शेवटच्या सफाईला लागतो. तयार सबवूफरची चकाकी घरी आणणे कठीण आहे. घरातील इतरांना तो खोका रोज पाहायचा आहे, याचा विचार बांधण्याआधी त्यांच्याशी बोलूनच करावा. बांधलेला सबवूफर पुढे विकायचा म्हटले तर लाकडाचे आणि श्रमाचे मोल सहसा मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता ज्या गोष्टीकडे तुमच्या प्रश्नात दुर्लक्ष झाले आहे आणि जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे येतो: तुमचा सोफा. तुमच्या खोलीचे पहिले अनुनाद लांबीमुळे सुमारे ३४, रुंदीमुळे ४३ आणि उंचीमुळे ५७ हर्ट्झला येतील. लांबीच्या अनुनादाचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी सर्वाधिक आणि मध्यावर जवळजवळ शून्य असतो. म्हणजे खोलीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला ३४ हर्ट्झच्या आसपास खड्डा ऐकू येण्याची दाट शक्यता आहे, आणि हा खड्डा १२ इंची, १५ इंची, तयार, बांधलेला अशा कोणत्याही सबवूफरला सारखाच लागू आहे. इक्वलायझरने तो भरत नाही; तिथे जितकी शक्ती ओताल तितकी वायाच जाते. सोफा अर्धा-पाऊण मीटर मागे सरकवल्याने जो फरक पडतो, तो मी अनेक घरांत नव्या सबवूफरपेक्षा मोठा मोजला आहे.

म्हणून खरेदीपूर्वी एक कॅलिब्रेट केलेला यूएसबी मायक्रोफोन आणि खोलीतील ध्वनी मोजणारी आरईडब्ल्यू ही मोफत संगणक प्रणाली घ्या, आणि एखादा सबवूफर कोणाकडून काही दिवसांसाठी मागून आणून, तो दोन-तीन ठिकाणी ठेवून सोफ्याच्या जागेवर आलेख काढा. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवून, जिथे ठेवता येईल अशा कोपऱ्यांत आणि भिंतींपाशी मायक्रोफोन फिरवला तरी चालते. जिथला आलेख सर्वांत सम, ती सबवूफरची जागा.

या मोजमापातून बहुतेक वेळा असे दिसते, की एका मोठ्या सबवूफरपेक्षा दोन मध्यम सबवूफर अधिक उपयोगी आहेत. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सारखे सबवूफर त्या दिशेच्या पहिल्या अनुनादाला दोन टोकांनी विरुद्ध दाबात ढकलतात, त्यामुळे तो उठतच नाही आणि शेजारी-शेजारी बसलेल्यांना एकसारखा खर्ज ऐकू येतो. ध्वनिसंशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आयताकृती खोल्यांसाठी भिंतींच्या मध्यांवरच्या मांडण्या सर्वांत उपयुक्त ठरल्या होत्या, आणि माझा अनुभव त्याला धरूनच आहे.

बांधण्याचे पारडे जड होते ते इथे. पहिल्या खोक्यासाठी जी हत्यारे, जो अभ्यास आणि जी आखणी लागते, ती दुसऱ्यासाठी पुन्हा लागत नाही; फळ्या एकाच वेळी कापता येतात, दोन वाहिन्यांचा एकच अ‍ॅम्प्लिफायर दोघांना पुरतो, आणि डीएसपीही एकच. तयार घेताना मात्र दुसऱ्या सबवूफरसाठी सर्व खर्च पुन्हा पूर्ण करावा लागतो. एकच आणि तोही आटोपशीर सबवूफर हवा असेल, तर सगळा हिशेब मांडल्यावर बचत इतकी कमी उरते की केवळ त्या कारणासाठी बांधण्याचा सल्ला मी देत नाही.

तुमच्या जागी मी असतो तर काय केले असते, हे स्पष्ट सांगतो. आधी सोफा मध्यावरून मागे घेतला असता आणि मोजमाप केले असते. दोन खोके ठेवायला जागा आणि घरातल्यांची संमती असेल, तर १५ इंची, निदान १५ मिलिमीटर हालचालीचे दोन ड्रायव्हर बंद खोक्यांत बांधले असते, पहिला आधी पूर्ण करून आणि काही आठवडे ऐकून मग दुसरा. खोक्याचे आकारमान ड्रायव्हरच्या आकड्यांवरून असे निवडले असते, की क्यू ०.६ ते ०.७ च्या दरम्यान येईल. जागा एकाच खोक्याची असेल, किंवा डीएसपी आणि मोजमाप यांत रस नसेल, तर चाचणीचे आकडे उपलब्ध असलेला १२ इंची तयार बंद सबवूफर घेतला असता, आणि नंतर तसाच दुसरा घेता येईल याची खात्री करून घेतली असती.

पोर्टेड खोका तुमच्या खोलीसाठी मी दुसऱ्या पसंतीवर ठेवतो. मोजमापात खोलीची मदत अगदीच तोकडी दिसली, आणि २५ हर्ट्झखाली मोठ्या आवाजात ऐकण्याची तुमची इच्छा पक्की असेल, तेव्हाच त्याचा विचार करावा.

सोफ्याच्या जागेवरचा १५ ते १५० हर्ट्झचा आलेख, सबवूफर ठेवता येण्याजोग्या जागांची मापे, आणि तुम्ही पाहत असलेल्या ड्रायव्हरचे एफएस, क्यूटीएस, व्हीएएस, कोनाचे क्षेत्रफळ आणि एक्समॅक्स हे आकडे कळवलेत, तर खोक्याची नेमकी मापे, अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती आणि लिमिटरचे आकडे काढून देता येतील. तोपर्यंत ड्रायव्हर मागवू नका.